इतिहासात एमए करायचं तर पुणं का नागपूर?

दारव्हा साइडची पोरं विचारून राहिली की बीए झालं, आता इतिहास-पुरातत्त्वात पुढं शिकायचं तर पुण्याले जावं का नागपूरले. मी पुण्यात राहिलेलो आहे आणि एमए नागपुरातून केलं, तर मला जसं दिसलं तसं सांगतो, पटलं तर घ्या.

पुण्याला नावं ठेवायला जागा नाही राजा. पेशवे दफ्तर तिथंच, भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 चं, भांडारकर संशोधन संस्था 1917 ची, आणि डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व तर देशभर नावाजलेलं. संध्याकाळी कुठं ना कुठं व्याख्यान असतंच, तेही फुकट. नागपुरात हे कमी आहे, खोटं कायले बोलू.

माझं घोडं अडलं ते पोळ्यापाशी. हसू नका. पोळा झाला की चार दिवसांत गणपती, त्या आठवड्यात ट्रॅव्हल्सवाले भाडं असं चढवतात की मेसचे पैसे त्यातच जातात, रेल्वेचं वेटिंग काही सरकत नाही, अन् घरून बाबा रोज फोन करतात की येऊन राहिला का नाही. दरवर्षी हेच, मग दिवाळीत परत तेच. नागपूरवरून कसं, दुपारी यवतमाळची एसटी धरली की रात्री घरी. पोळा गावात करायचा, दुसऱ्या दिवशी पहाटे निघालं तर तान्ह्या पोळ्याची काळी-पिवळी मारबत (नागपुरात मोठे पुतळे मिरवतात ती) पण सापडते. शंभरावर वर्षांची मिरवणूक आहे ती, वारसा म्हणतात तो हाच ना?

अभ्यासाचं म्हणाल तर नागपूर विद्यापीठ 1923 चं. पवनीचा बौद्ध स्तूप 1969-70 मध्ये खोदला तो याच विद्यापीठानं, पुरातत्त्व खात्यासोबत. नागपूरजवळच्या माहुरझरीची शिळावर्तुळं (जुन्या दफनांभोवतीची दगडांची वर्तुळं) बाइकवर पाहून होतात, आठवडाभर वाकाटक राजघराणं वाचलं की रविवारी त्यांच्याच नगरधन-मनसरला चक्कर, आणि 1863 चा अजब बंगला, म्हणजे नागपूरचं संग्रहालय, तर गावातच. शनिवारवाड्यात 1828 च्या आगीनंतर आत पाहायला तसं काय उरलं म्हणा, तटबंदी अन् दरवाजा सोडून. (पुणेकर चिडतील.)

मोडी शिकून मराठ्यांच्या कागदपत्रांतच काम करायचं असेल तर मात्र पुणंच धरा, तिथं नागपूर कमी पडू शकते. बाकीच्यांनी आधी पुण्यातल्या कॉट बेसिसचे रेट विचारून घ्या, मग फॉर्म भरा.