लाइट शीट सूक्ष्मदर्शक: जळगावातील आठ महिन्यांचा अनुभव

ओपनस्पिम या खुल्या आराखड्यावरून जुळवलेला लाइट शीट सूक्ष्मदर्शक मी गेल्या नोव्हेंबरपासून कपाशीच्या कोवळ्या मुळांसाठी वापरतो आहे. त्याआधी माझे काम कॉन्फोकलवर, म्हणजे लेझरचा बिंदू फिरवून थराथराने प्रतिमा घेणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, चालत असे. तिथे एका थराची प्रतिमा घेताना लेझर वरखालच्या साऱ्या थरांनाही भाजून काढतो. इथे काही मायक्रोमीटर जाडीचा प्रकाशाचा पडदा बाजूने नमुन्यात शिरतो आणि काटकोनात बसवलेला कॅमेरा तेवढाच उजळलेला थर एका दमात टिपतो. युक्ती तशी जुनी आहे. झीडेंटॉफ आणि झिगमाँडी या संशोधकांनी १९०३ मध्येच बाजूच्या प्रकाशाने काचेतले सोन्याचे सूक्ष्म कण पाहिले होते, तर जिवंत भ्रूणांसाठीचे तिचे रूप २००४ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गहून आले. मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट म्हणजे सरकीतून फुटलेले मूळ शेतात वाढते तसे उभेच टांगता येते आणि रात्रभर चित्रण करूनही सकाळी ते वाढतच असते.

खरी परीक्षा मात्र नमुना बसवण्यात आहे. मे महिन्यात नमुना धरून ठेवणारी पारदर्शक जेली, म्हणजे अ‍ॅगरोज, गोठेचना. दोन दिवस मी पाकिटालाच दोष देत होतो. मग लक्षात आले की कमी तापमानाला वितळणारे हे अ‍ॅगरोज साधारण २६ ते ३० अंशांवर घट्ट होते आणि आमची खोली होती ३९ अंशांवर. शेवटी माठाभोवती गुंडाळलेल्या ओल्या फडक्यात अ‍ॅगरोज भरलेली काचेची केशनळी (बारीक नळी) खोचून ठेवली, तेव्हा काम झाले. त्या घाईत एक बुडबुडा आत राहिला आणि त्याच्यामागे प्रत्येक प्रतिमेत काळी पट्टी उमटली, हे सांगायला हवे. दोन्ही बाजूंनी प्रकाश दिल्यास पट्ट्या कमी होतात, पण आमच्याकडे एकच बाजू आहे.

साठवणुकीचा हिशेबही आधीच करावा. २०४८ × २०४८ बिंदूंची, १६ बिटांची एक प्रतिमा सुमारे ८ एमबीची असते. ३०० थर दर पाच मिनिटांनी बारा तास घेतले, तर एका रात्रीत साडेतीनशे जीबीहून अधिक जागा लागते. मधेच वीज गेली, तर इन्व्हर्टरवर संगणक टिकतो, लेझर टिकत नाही.

मुळाच्या आतल्या थरांत प्रकाश विखुरतो आणि चित्र धूसर होते. पातळ, स्थिर छेद बारकाईने पाहायचे असतील, तर मी आजही कॉन्फोकलचीच वेळ मागून घेतो.