मुरवलेली कॉफी: स्टीलची जाळी घ्यावी की कापडी गाळणी?

स्टीलची जाळी म्हणजे फ्रेंच प्रेस, जाळी लावलेल्या दट्ट्याचं भांडं; कापडी गाळणीसाठी कॉफी झाकणाच्या पातेल्यात मुरवायची. कॉफी दोन्हीकडे सारखीच मुरते, गरम पाण्यात चार मिनिटं. फरक पडतो गाळण्यात आणि नंतरच्या धुण्यात.

फ्रेंच प्रेसची जाळी कॉफीचं तेल अडवत नाही. म्हणून कॉफी दाट लागते आणि कपाच्या तळाशी थोडा गाळ राहतोच; शेवटचा घोट सोडायचा. कापड बरंचसं तेल अडवतं, म्हणून त्यातून ती हलकी, स्वच्छ उतरते. या तेलातला कॅफेस्टॉल हा घटक एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतो. घरात कुणाचं कोलेस्टेरॉल जास्त असेल आणि रोज दोन-तीन कप होत असतील, तर आम्ही कापडच घ्या म्हणू.

300 मिली पाण्याला 20 ग्रॅम पूड, जाड रव्याएवढी. दूध घालणार असाल तर 30 ग्रॅमला 240 मिली पाणी, नाहीतर कॉफी पाणचट होते. उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग ओता. पूड फुगून वर थर धरते. चार मिनिटांनी तो चमच्याने मोडा, पूड खाली बसली की पातेल्यातली कॉफी कापडातून गाळा; प्रेस असेल तर दट्ट्या सावकाश दाबा. अडला तर जोर लावू नका: बारीक पुडीने जाळी तुंबलेली असते आणि गरम कॉफी कडेने उसळून हातावर येते. दट्ट्या बोटभर वर घ्या, पुन्हा हळू दाबा. सगळी कॉफी लगेच ओतून घ्या. चोथ्यावर राहिली की कडू होते.

ठाण्या-वाशीच्या दुकानांत 'फिल्टर कॉफी' म्हणून मिळणारी पूड बहुधा बारीक, चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) घातलेली असते. ती प्रेसला चालत नाही. दळून घेताना 'चिकोरी नको, जाड दळा' असं स्पष्ट सांगा.

जाळी आठवड्यातून एकदा स्क्रू सोडवून धुवा, पत्र्यांमध्ये अडकलेलं तेल खवट होतं. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर पांढरा थर धरतो, तो लिंबाने निघतो. चोथा सिंकमध्ये नको, ओल्या कचऱ्यात टाका.

कापडाची खरी परीक्षा आपल्याकडच्या पावसाळ्यात. दोरीवर ते वाळतच नाही, बुरशी धरतं. म्हणून वाळवूच नका: गरम पाण्याने धुऊन, डब्यात स्वच्छ पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला. साबण लावू नका, वास कॉफीत उतरतो. नवं कापड दहा मिनिटं उकळून खळ काढा. कॉफी गळायला वेळ लागू लागला की पुन्हा उकळा. तरी वेग आला नाही तर कापड बदला.

ठरत नसेल तर कापडापासून सुरुवात करा. झाकणाचं पातेलं घरात असतंच.