200 मायक्रोलिटरची पिपेट: आधी अंगठ्याला विचारा

आमच्या लॅबच्या टेबलावरच्या पिपेटची, म्हणजे थोडासा द्रव मोजून उचलायच्या नळीसारख्या उपकरणाची, कंपनी सांगता येणार नाही, कारण तिच्यावरचं नाव केव्हाच पुसलं गेलंय. उरलाय तो 20-200 (मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग) हा आकडा आणि पीएचडी संपवून गेलेल्या सिनियरच्या नावाची चिकटपट्टी. तेव्हा हा रिव्ह्यू एका ब्रँडचा कमी आणि या जातीचा जास्त: एका चॅनेलची (एका वेळी एकच टिप लागणारी), हाताने चालवायची, आकडा फिरवून व्हॉल्यूम बदलायची पिपेट.

विकणारे आधी अचूकतेचं बोलतात. मी आधी स्प्रिंग बघते. 96 वेल (छोटे खळगे) असलेली प्लेट भरताना दर वेलमागे अंगठा निदान तीनदा दाबावा लागतो: द्रव घेताना, सोडताना, टिप (टोकाला लावायची प्लास्टिकची सुटी नळी) उडवताना. म्हणजे एका प्लेटला 288 वेळा. प्लंजर (अंगठ्याने दाबायचा दांडा) जड असला तर संध्याकाळी थिसिस टाइप करायला बसल्यावर अंगठा बोलायला लागतो. आमच्या पिपेटचा प्लंजर हलका आहे, दाबण्याच्या दोन टप्प्यांपैकी पहिला कुठे संपतो ते नीट जाणवतं. टिप उडवायचं बटण मात्र हट्टी. त्यात काही जण टिपांच्या डब्यावर ठोकून टिप बसवतात. हलकं दाबूनही बसते हो ती. आणि व्हॉल्यूमला लॉक नाही, त्यामुळे ग्लोव्ह घातलेल्या हाताने आकडा नकळत सरकतो. मी दर रांगेनंतर तो बघून घेते.

अचूकता लॅबमध्येच तपासता येते. 20 अंश सेल्सिअसला 200 मायक्रोलिटर पाणी साधारण 199.6 मिलिग्रॅम भरतं. चांगला बॅलन्स (वजनकाटा) आणि थोडा धीर असला की झालं. खरी मेख प्रमाणपत्रात आहे. आयएसओ 8655 या पिपेटांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 200 च्या पिपेटला 1.6 मायक्रोलिटरची चूक माफ आहे, आणि आकडा 20 वर आणला तरी माफी तेवढीच. 200 वर ती 0.8 टक्के, 20 वर थेट 8 टक्के! 'यात 20 आहे की' म्हणून ज्युनियर मंडळी हीच उचलतात, मग स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेला आलेख) वाकडा आला की केमिकलला शिव्या. 20 घ्यायचे असतील तर 20 ची पिपेट घ्या, तिथे माफी फक्त 0.2 ची.

आत पिस्टन आणि द्रव यांच्यामध्ये हवा असते, त्यामुळे पाण्याशी हिचं छान जमतं, बाकीच्यांशी जमवून घ्यावं लागतं. इथेनॉलची वाफ त्या हवेत मिसळते आणि टिपेतून थेंब गळतात. आधी दोन-तीनदा भरून रिकामी केली की गळणं कमी होतं. ग्लिसरॉलला उलटं पिपेटिंग: दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून घ्यायचं, पहिल्यापर्यंतच सोडायचं. 1957 मध्ये मार्बुर्गमध्ये हाइनरिख श्निट्गर यांनी स्प्रिंगवाली पिपेट बनवली. त्याआधी लॅबमध्ये तोंडाने ओढायचे, त्यामुळे बटणाबद्दलची माझी कुरकुर जरा जपूनच वाचा.

नवीन घेणार असाल तर गाईडना कोटेशन देण्याआधी डेमो मागवा आणि लॅबमध्ये नेहमी येतात त्याच टिपा लावून बघा. सील आणि ओ-रिंग (हवा गळू न देणाऱ्या रबरी चकत्या) सुटे मिळतात का, तेही तेव्हाच विचारून घ्या.