सिंगापूरमध्ये लिव्ह-इन हेल्पर ठेवून ११ महिने झाले, आमचा अनुभव

पुण्यात आमच्याकडे पोळ्यांच्या काकू वेगळ्या, केरफरशी-भांड्यांची मावशी वेगळी, आणि दोघींपैकी एकीची दांडी ठरलेलीच. त्यामुळे इथे हेल्पर घ्यायचं ठरल्यावर वाटलं सुटलो आता. पण मावशी कामं करून घरी जायची, हेल्पर घरीच असते, आणि हा फरक मला पहिला महिनाभर नीट कळलाच नव्हता.

आधी पैशांचं सांगते. आमची हेल्पर म्यानमारची आहे, पगार महिन्याला ६५० सिंगापूर डॉलर. त्यावर सरकारची लेव्ही, म्हणजे हेल्पर ठेवण्याबद्दल मालकाने भरायचा कर, महिन्याला ३००. ६० डॉलरचा सवलतीचा दर ऐकून खूश होऊ नका, तो सिटिझन फॅमिलींसाठी आहे, आपण एम्प्लॉयमेंट पासवाले (म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेले) पूर्ण ३०० भरतो. शिवाय इन्शुरन्स, तिचं जेवण, दर सहा महिन्यांनी मेडिकल. ५००० चा सिक्युरिटी बॉण्ड, म्हणजे सरकारला द्यायची हमी, लागतो म्हटल्यावर नवरा दचकला होता, पण ती रक्कम रोख द्यायची नसते, इन्शुरन्सवाल्यांकडूनच बॉण्ड मिळतो. पहिल्यांदाच ठेवत असाल तर मालकांसाठीचा ओरिएंटेशन कोर्स करावा लागतो, तो मी धाकट्याला मांडीवर घेऊन ऑनलाइन उरकला. तिच्या त्या सहामाही मेडिकलमध्ये प्रेग्नन्सी टेस्ट असते. मला ते अजूनही विचित्र वाटतं, पण नियम आहे.

एजन्सीचा अनुभव सो-सो. बायोडेटात 'इंडियन कुकिंग' असं ठळक लिहिलेलं, प्रत्यक्षात आधीच्या घरी ती फक्त भाज्या चिरून द्यायची. पोळी यायला दोन महिने गेले. आता तिची माझ्यापेक्षा पातळ होते, सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बघून सर्टिफिकेट दिलंय (मला अजून मिळालेलं नाही).

जागेचा प्रश्न मोठा. इथल्या बऱ्याच फ्लॅट्समध्ये बॉम्ब शेल्टर असतं, जाड भिंती, लोखंडी दार, खिडकी नाही, आणि लोक सर्रास हेल्परला तिथेच झोपवतात. आम्हीही आधी तिथेच गादी टाकली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः दहा मिनिटं आत आडवी झाले आणि संध्याकाळी तिची गादी लेकीच्या खोलीत हलवली, शेल्टरमध्ये आता तांदळाची पोती आणि बॅगा.

जेवणावरून एकदा झालंच. आम्ही शाकाहारी, आणि तिला भाताबरोबर ती माशांची आंबवलेली पेस्ट लागते, पहिल्यांदा गरम केली तेव्हा वास पार लिफ्टपर्यंत गेला. मी काही बोलले नाही पण चेहरा बोलला असणार, कारण पुढचे आठ दिवस ती नुसता वरणभात खात होती. मग एक कढई वेगळी तिची, खिडकी उघडायची, विषय संपला. आता रविवारी पेनिन्सुला प्लाझाहून (म्यानमारच्या दुकानांचा इथला मॉल) येताना ती चहाच्या पानांचं सॅलड आणते, ते मात्र सुकी कोळंबी वगळून आम्ही सगळे चापतो.

रविवारच्या सुट्टीवरून मैत्रिणींशी माझे वाद होतात. आठवड्याला एक सुट्टी हा नियम २०१३ पासून आहे, तिची तयारी असेल तर सुट्टीऐवजी पैसे देता येतात, पण २०२३ पासून महिन्यातली एक तरी सुट्टी द्यावीच लागते, तिथे पैशांवर भागत नाही. काही जणी ती एकच देतात आणि वर 'कुठे फिरते कोण जाणे' म्हणतात. अगं तुझी सुट्टी तू कुठे घालवतेस ते ऑफिसला सांगतेस का? आम्ही चारही रविवार देतो. त्या दिवशी घर पसरलेलं असतं आणि स्वयंपाक नवऱ्याकडे, म्हणजे खिचडी.

गणपतीत ओळखीच्या एका काकूंचा फोन, 'दोन तास पाठव गं तिला, मोदकाची भांडी आहेत'. वर्क परमिटवरच्या हेल्परला दुसऱ्याच्या घरी कामाला पाठवणं बेकायदेशीर आहे, तसं सांगितलं तर काकू रुसल्या, शेवटी मीच जाऊन भांडी घासून आले.

कोणी घेणार असेल तर एकच सांगेन, मुलाखतीच्या व्हिडिओ कॉलवर 'इंडियन कुकिंग येतं का' विचारू नका, सगळ्या येतं म्हणतात. आधीच्या घरी सकाळी उठल्यापासून काय काय करायचीस ते विचारा आणि मधे न बोलता ऐका. आणि नोकरी लावून दिल्याबद्दल एजंटचं किती देणं तिच्या डोक्यावर आहे तेही विचारा. आमच्या हेल्परचं फिटायला पाच महिने लागले, तोवर ती रविवारी बाहेरसुद्धा जात नव्हती, आणि मी समजत होते तिला घरातच आवडतं.