ड्रॅगन की सिग्नस: प्रयोगाची पेटी कशातून पाठवावी?

मुंबईतल्या एका विद्यार्थी गटासमोर पेच आहे: जिवंत पेशींचा प्रयोग अवकाश स्थानकावर ड्रॅगन आणि सिग्नस यांपैकी कोणत्या मालवाहू यानातून न्यावा?

आधी परतीचं बघा, बहुतेकदा निकाल तिथेच लागतो. ड्रॅगन पॅराशूटने समुद्रात उतरतं. सिग्नस कचरा भरून वातावरणात जळून जातं. सिग्नसने पाठवून ड्रॅगनने परत आणता येतं, पण मग मधल्या काळात नमुना स्थानकावरच्या फ्रीझरमध्ये टिकायला हवा. गोठवल्यावर निकामी होणाऱ्या पेशींसाठी हा मार्ग नाहीच.

शेवटच्या क्षणी माल चढवण्याची सोय दोघांतही आहे. फाल्कन 9 रॉकेटवरून जाणाऱ्या सिग्नससाठी 2024 पासून फेअरिंगला (रॉकेटच्या टोकावरच्या आवरणाला) खास दार आहे. तरी उड्डाण पुढे ढकललं की पेशींचं वय वाढतं. दुसरा ताजा संच तयार ठेवाच.

ड्रॅगन स्थानकाला स्वतःहून जोडलं जातं, सिग्नसला स्थानकाचा यांत्रिक हात पकडतो. पेटीला त्याचा फरक पडत नाही.

पॅकिंगचं काम दोन्हीकडे तेवढंच. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने कनेक्टर गंजतात, म्हणून सर्किट बोर्ड सिलिका जेलसह सीलबंद पिशवीत ठेवा. लिथियम बॅटरीची कागदपत्रं मुंबई विमानतळाच्या सहार कार्गोला पेटी नेण्याआधीच तपासून घ्या.

जिवंत नमुने परत हवे असतील तर ड्रॅगन. फक्त डेटा खाली यायचा असेल, किंवा सुटे भाग, अन्न असा अवजड माल असेल तर सिग्नस. त्याचं नवं मोठं रूप सुमारे 5,000 किलो नेतं.