गवतातले पतंग टिपायचे: मोबाइल, क्लोज-अप लेन्स की मॅक्रो?

गवतातून चालताना पायाजवळून काहीतरी फिकट उडतं, दोन-चार पावलांवर जाऊन एखाद्या काडीला चिकटतं आणि दिसेनासं होतं. हे ग्रास मॉथ, म्हणजे क्रॅम्बिडी कुळाच्या क्रॅम्बिनी उपकुळातले पतंग. जगभरात त्यांच्या साधारण दोन हजार जाती आहेत आणि पंख मिटून बसल्यावर बहुतेकांची लांबी जेमतेम एक-दीड सेंटिमीटर. यांचे फोटो काढायचे ठरलं की पहिला प्रश्न येतो कॅमेऱ्याचा. माझं म्हणणं असं की आधी ओळख पटवायला काय दिसावं लागतं ते बघा, कॅमेरा त्यावरून ठरवा.

हे पतंग पंख अंगाभोवती गुंडाळून बसतात. पाठीवरून घेतलेला फोटो देखणा येतो, पण पुढच्या पंखाची वरची कड, म्हणजे कोस्टा, त्यात दिसतच नाही. ती बाजूनं खाली वळलेली असते. नेमकी खूण बऱ्याचदा तिथेच असते. क्रॅम्बस प्रजातीत (प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) पंखावर लांब पांढरा पट्टा असतो. तो कोस्टाला टेकतो की मध्ये तपकिरी जागा राहते, यावर जात ठरू शकते. म्हणून अगदी बाजूनं घेतलेला एक फोटो हवाच. दुसरा चेहऱ्याचा: डोक्यापुढे चोचीसारखे निघालेले पॅल्प, म्हणजे तोंडाजवळचे स्पर्शावयव, किती लांब आहेत, कपाळ गोल आहे की टोकदार. तिसरा पंखाच्या टोकाचा. क्रायसोट्युकिया कुल्मेलाच्या पंखाची झालर सोनेरी चमकते, युक्रोमियसमध्ये कडेला चकाकणाऱ्या काळ्या ठिपक्यांची रांग असते. हे तीन फोटो मिळाले, तर पाठीवरचा नसला तरी चालतं.

आता साधनं. मोबाइलची मॅक्रो सोय किंवा वर लावायची क्लिप लेन्स वापरायची तर पतंगाच्या दोन-तीन सेंटिमीटर जवळ जावं लागतं. दिवसा, उन्हात, हलत्या काडीवर हे फारसं जमत नाही. आपलीच सावली पडते आणि पतंग उडतो. पहाटेच्या गारव्यात तो सुस्त असतो तेव्हा, किंवा रात्री दिव्यामागे लावलेल्या पांढऱ्या कापडावर, मोबाइल चांगलं काम देतो. जे फक्त दिव्यावर आलेले पतंग टिपणार आहेत त्यांनी आणखी काही घेण्याची घाई करू नये.

ऑलिंपसच्या टीजी मालिकेसारखे छोटे कॅमेरे मायक्रोस्कोप मोडमध्ये एक सेंटिमीटरवरून फोकस करतात आणि फोकस स्टॅकिंगही, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या फ्रेम जोडून एक स्पष्ट फोटो करणं, कॅमेऱ्यातच होतं. पण स्टॅकिंगला पाठोपाठ अनेक फ्रेम लागतात. वाऱ्यावर डोलणाऱ्या गवतात त्याचा उपयोग जवळपास शून्य. जवळ जाण्याची अडचण इथेही तशीच राहते.

मी ज्याला सर्वात जास्त गुण देईन तो पर्याय मात्र फार कमी जण विचारात घेतात: हाताशी असलेल्या झूम लेन्सच्या पुढे चांगली क्लोज-अप लेन्स, म्हणजे वर बसवायचं भिंग. रेनॉक्स डीसीआर-२५० ही अधिक ८ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) आहे. मुख्य लेन्स अनंतावर फोकस केली तर पतंग साधारण साडेबारा सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतो, आणि झूम २०० मिमीवर असेल तर सेन्सरवर प्रतिमा प्रत्यक्षाच्या १.६ पट पडते. झूम मागे घेतला की पट कमी होते, अंतर साधारण तेवढंच राहतं. बुजऱ्या पतंगापुढे ही मोठीच सोय. तोटेही आहेत. फोकसचा पल्ला फार आखूड, म्हणून स्वतःच पुढेमागे डुलत नेम धरावा लागतो. फ्रेमच्या कडा मऊ येतात. आणि दूरचं काही दिसलं की लेन्स काढायची, परत लावायची.

खरी मॅक्रो लेन्स या सगळ्यातून सोडवते. घ्यायचीच असेल तर १०० मिमीच्या आसपासची घ्या. ६० मिमीच्या लेन्सनं १:१, म्हणजे सेन्सरवर प्रत्यक्षाएवढीच प्रतिमा, गाठताना पतंग लेन्सपासून नऊ-दहा सेंटिमीटरवर येतो, १०० मिमीनं चौदाच्या आसपास, आणि तेवढ्या फरकावर पतंग बसून राहतो की उडतो हे ठरतं. १:१ चं आकर्षण मात्र आवरा. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) लेन्सचं छिद्र एफ/११ ला ठेवलं तर तिथे फोकसची खोली मिलिमीटरभराहून थोडीच जास्त मिळते. निम्म्या पटीवर, म्हणजे १:२ वर, ती तिपटीच्या घरात जाते. नंतर क्रॉप करा, पण पंख सुरुवातीपासून टोकापर्यंत स्पष्ट येऊ द्या. छिद्र आणखी लहान करून एफ/२२ वर जाऊन खोली वाढवावी, तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, बारकावे पुसट होतात.

फ्लॅश कोणत्याही साधनासोबत वापरा, पण डिफ्यूजरशिवाय नको. पंखावरचे चंदेरी आणि पांढरे खवले थेट प्रकाशात फटफटीत होतात आणि पट्ट्याची कड, जिच्यासाठी एवढा खटाटोप, तीच हरवते. एक्स्पोजर थोडं कमीच ठेवलेलं बरं.

फोटो मिळाल्यावर ॲप की जाणकार? आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गनोंदी टाकायच्या ठिकाणी यंत्र सुचवतं ते नाव प्रजातीपर्यंत बऱ्याचदा बरोबर येतं, विशेषतः ज्या भागातले तपासलेले फोटो भरपूर आहेत तिथे. फोटो कमी असलेल्या भागात ते दूरदेशीची प्रसिद्ध जात बिनदिक्कत पुढे करतं, म्हणून ती जात तुमच्या भागात सापडते का हे आधी पाहा. जाणकाराकडून उत्तर उशिरा येतं, पण ‘चेहरा बाजूनं दाखवा’ असं तोच सांगतो.

आणि काही पतंगांपुढे फोटोवरून दोघांचाही इलाज चालत नाही. ज्वारी, मका, ऊस पोखरणारे चिलो प्रजातीचे खोडकिडे पंखांवरून एकमेकांपासून वेगळे काढणं अवघड. नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. पिकावर उपाय ठरवायचा असेल तर नमुना गोळा करून तज्ज्ञाकडे द्यावाच लागेल. केवळ नोंद करायची असेल तर ‘चिलो’ एवढंच लिहून थांबा, ती पुरेशी नोंद आहे. सोबत तारीख, जागा, दिव्यावर की गवतात, कुठल्या गवतावर, हे लिहा. पतंग उडून गेल्यावर फोकस आणि झूम न हलवता एका पट्टीचा फोटो काढून ठेवला, तर पंखाची लांबीही नंतर मोजता येते.