चार स्टार, पाचवा बिलापायी गेला

जळगावच्या या कॉम्प्युटर रिपेरिंगच्या दुकानाचा रिव्ह्यू टाकायला उशीर झालाय, गोष्ट मे २०२३ ची आणि आता दिवाळी तोंडावर आली, पण मुद्दाम थांबलो होतो. रिपेरिंगवाल्याचं त्याच दिवशी कौतुक केलं की आठवड्यात मशीन परत बोंबलतं हा आपला नेहमीचा अनुभव. पाच महिने नीट चाललं, म्हणून आता लिहितो.

मी एरंडोलला लग्नाचे अल्बम डिझाईन करतो. बारा बाय छत्तीसची शीट, त्यात पंधरावीस फोटो, प्रत्येकाचे लेयर, आणि ८ जीबी रॅमवर फोटोशॉप म्हणजे ब्रश फिरवा आणि चहा पिऊन या. मशीन आठव्या जनरेशनचं आय-फाइव्ह, एच३१० चा साधा बोर्ड, रॅमला दोनच स्लॉट आणि एक रिकामा. लगीनसराई सुरू व्हायच्या आत गावातल्याच एकाकडून (नाव घेत नाही, रोज तोंड दिसतं) अजून एक ८ जीबी टाकून घेतली. जुनी होती २६६६ स्पीडची, हिरवी साधी पट्टी. नवीन ३२०० ची, वर लाल पत्रा लावलेली, गेमिंगवाली. मी विचारलं पण, की बाबा दोन्ही वेगवेगळ्या आहेत, चालतील ना, तर म्हणे डीडीआर४ आहे ना, मग सगळं चालतं. आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) जाऊन काहीतरी चालू करून दिलं, "फुल स्पीड मिळेल" म्हणाला. मी खूश.

दोन दिवसांनी निळा पडदा, ते रडकं तोंड, खाली "मेमरी मॅनेजमेंट". रीस्टार्ट केलं, चाललं. दुसऱ्या दिवशी परत निळा, पण यावेळी "पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया". मग एकदा "आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल". कधी फोटोशॉप आपोआप बंद, कधी जेपीजी एक्सपोर्ट केला तर नवरीच्या गालावरून आडवी हिरवी पट्टी. नेमकं मे महिना, वर नवरदेवाचा भाऊ रोज फोन करून अल्बम कधी देता विचारतोय.

गावातल्या भाऊने आधी विंडोज मारली, ५०० रुपये. दोन दिवसांत परत तेच. मग रॅम काढून खोडरबरने घासून बसवली, त्याचे पैसे घेतले नाहीत हे खरं. मग म्हणे एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) गेलाय, लोड घेत नाही, १२०० रुपये. नवीन एसएमपीएस लावल्यावर त्याच संध्याकाळी परत रडकं तोंड. रॅमच खराब असेल का विचारलं तर एकेक लावून दाखवली, दोन्ही चालतात, मग रॅम कशी खराब असेल? मलाही पटलं. इथेच आम्ही दोघंही फसलो.

शेवटी सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन जळगाव गाठलं. गोलाणी मार्केटमध्ये कॉम्प्युटरची दुकानं किती आहेत ते जळगाववाल्यांना सांगायला नको, तिथल्या एका रिकाम्या काउंटरवाल्याने उभ्या उभ्या सांगितलं मदरबोर्ड गेलाय. ज्याचा हा रिव्ह्यू आहे ते दुकान मात्र मित्राने सांगितलं होतं, म्हणून तिथे आलो. एवढंसं दुकान, एक टेबल, एक फॅन तोही सीपीयूकडे तोंड करून, गिऱ्हाईक घामाने गेलं तरी चालेल.

दुकानवाल्या दादाने आधी काही उघडलंच नाही, नुसतं विचारत बसला. कधीपासून? त्याच्या आधी काय बदललं? दरवेळी एकच एरर का वेगवेगळी? वेगवेगळी म्हटल्यावर त्याने मान हलवली. म्हणे ड्रायव्हर बिघडला की बहुतेक तीच ती एरर येते, दर वेळी नवीन नाव आलं की आधी रॅम बघायची. मग सीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवून मला जवळ बोलावलं. त्यात एसपीडीचा टॅब आहे, तिथे स्लॉट बदलला की त्या त्या रॅमची कुंडली दिसते. जुनी २६६६ ला सीएल १९. नवीन एक्सएमपीवर (रॅमच्या कंपनीने भरून दिलेलं फास्ट सेटिंग, गावात बायोसमध्ये चालू केलं ते हेच) ३२०० ला सीएल १६. आणि शेजारच्या मेमरी टॅबमध्ये आत्ता चालू काय होतं, तर २६६६ आणि सीएल १६.

आता हे सीएल म्हणजे काय ते मला तिथेच कळलं. मागितलेला डेटा द्यायला रॅम किती टिक घेते तो आकडा, एकाच स्पीडला जितका कमी तितकी चपळ. माझा प्रोसेसर आणि बोर्ड २६६६ च्या वर जातच नाहीत, म्हणजे ३२०० चे पैसे तसेही पाण्यात. पण एक्सएमपी चालू केल्यामुळे बोर्डाने नवीन रॅमचं टायमिंग दोघींना लावलं. नवीनला ते झेपतं. जुनीला १९ ची सवय, तिला १६ मध्ये उत्तर दे म्हणून दामटलं, ती बरेचदा देतेही, पण काम वाढलं की कधीतरी चुकीचं देते. एकटी लावली की तिच्यात एक्सएमपी नाहीच, बोर्ड आपोआप १९ वर येतो, म्हणून एकटी पास. मी असा बघत राहिलो. दादा म्हणे, "भाऊ, दोन्ही रॅम चांगल्या शेतस, पन दोन्हीस्नं जमत नही. नवी लेवानी काही गरज नही."

हे ऐकून मला उलट शंका आली, दुकानदार असून विकत नाही म्हणजे काय. पण त्याने पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ लावून दाखवलं, विंडोज सुरू न करताच चालतं ते. आहे त्या सेटिंगवर चहा येईपर्यंत एररचा आकडा वाढायला लागला. मग एक्सएमपी बंद केलं, स्पीड हाताने २४०० वर आणला, सीएल १७, दोन्हींच्या एसपीडीत तो हिशोब होताच. रात्रभर ठेवतो, उद्या या म्हणाला. फुकटच्या व्हर्जनमध्ये चार पास, म्हणजे तपासणीच्या चार फेऱ्या होतात, चारही पासमध्ये शून्य एरर. सकाळी स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. घेतले किती, ३०० रुपये.

२४०० मुळे स्लो झालं का, तर अल्बमच्या कामात मला तरी फरक कळला नाही. ८ ची १६ झाली तो फरक मात्र कळतो. गॅरंटी त्याने दिली नाही, उलट स्पष्ट सांगितलं की परत क्रॅश झालं तर लाल पत्र्यावाली विकून टाक आणि एका पाकिटातली जोडी घे, त्या कंपनीने एकत्र तपासलेल्या असतात. तशी वेळ आली नाही. जूनपासून मशीन तीनदा बंद पडलं, तीनही वेळा लाईट गेली होती.

घरच्या मुलाच्या मशीनचंही विचारून घेतलं, त्यात ४ जीबी आहे, ८ ची टाकली तर चालेल का. चालेल म्हणे, इंटेलच्या बोर्डावर जुनीचे ४ आणि नवीनमधले ४ जोडीने पळतील, नवीनमधले उरलेले ४ एकटे चालतील, फक्त एक्सएमपीला हात लावू नको. डीडीआर३ ची, म्हणजे आधीच्या पिढीची रॅम मात्र डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये कोंबू नका, खाच वेगळ्या जागी असते, जोर लावला तर स्लॉटच जाईल. असा तुटलेला स्लॉट त्याने टेबलाखालून काढून दाखवला, कोणाचा ते सांगितलं नाही.

आता एक स्टार का कापला. फोन उचलत नाही, सात फोन केले. गर्दी असली की तुसडं बोलतो, माझ्यासमोर एका कॉलेजच्या पोराला "गेम खेळणं बंद कर, सगळं चालेल" म्हणाला. आणि बिल मागितलं तर वहीचं पान फाडून "रॅम सेटिंग ३००" लिहून दिलं, ना दुकानाचं नाव ना तारीख. माझ्या सीएने ते पान उलटंपालटं करून बघितलं आणि मला परत दिलं.

जायचं तर अकराच्या आत जा, दुपारी शटर अर्धं खाली असतं. पॉवर केबल नेऊ नका, त्याच्याकडे ढीग आहे. जुनं बॉक्स किंवा रॅमचं पाकीट असेल तर ते मात्र न्या, आधी तेच मागतो.